संगीताच्या बाई गात नाहीत

१३ जून. परवा शाळा सुरू होणार, म्हणून आज पाण्याची टाकी घासायला काढली. टाकी आडवी पाडली आणि दिवेकर गुरुजी ब्रश घेऊन आत शिरले, कारण आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत त्या झाकणातून आत जाऊ शकेल असा देह त्यांचाच आहे. मी बाहेरून पाणी देत होते. गुरुजी घासता घासता गात होते. सूर चोख होता, आणि टाकीत तो असा घुमत होता की रस्त्याने जाणारी मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन तिथेच थांबली.

"मोठ्या बाई, नवा स्पीकर आनला काय शालंत?"

"नाही गं, जुनाच आहे. आत बसवलाय."

काही वर्षांपूर्वी हाच माणूस प्रार्थना सुरू करायचा तेव्हा मुलं जमिनीकडे बघायची, हसू दिसू नये म्हणून. त्यांना गायला लावलं ते शैलजा घरत, म्हणजे आमची शैला, हिने. काल मुख्याध्यापकांच्या सभेत तिचा विषय निघाला आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. नवे साहेब म्हणाले, तालुक्यातलं संगीत मार्गदर्शकाचं काम पुन्हा सुरू करता येईल, पण शाळांना खरोखर गरज असेल तरच. कोणाला गरज आहे ते १४ तारखेच्या दुपारपर्यंत येऊन सांगा. हे काम पूर्वी शैला करायची. ते बंद झाल्यापासून ती तळा गावाकडच्या एका डोंगरातल्या वाडीवर पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळते. शाळांनी गरज आहे म्हटलं तर ती परत येईल. नाही म्हटलं तर तिथेच राहील. अडचण एवढीच की तिच्याचमुळे आम्हाला आता 'गरज आहे' म्हणायला तोंड उरलेलं नाही.

शैला आधी माझ्याच शाळेत होती. माहेर चौलचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. सासर आगरी, ट्रकच्या धंद्यातलं. उंच, सावळी, आणि बोलण्याचा आवाज इतका बसका की फोनवर लोक तिला 'सर' म्हणायचे. गणित चांगलं शिकवायची. लहानपणी चौलला देवळात पेटी वाजवणाऱ्या एका बुवांकडे गाणं शिकून तिने परीक्षाही दिल्या होत्या, पण त्याचा त्रास आम्हाला वेगळ्याच मार्गाने व्हायचा. तिला सगळ्या वस्तूंचे सूर ऐकू यायचे. मी हिशेबाला बसले की ती वर बघून म्हणायची, "मोठ्या बाई, पंखा काळी दोनमध्ये लागलाय."

"लागू दे. वारा येतोय ना?"

"येतोय, पण जरा उतरलाय."

नवऱ्याने नव्या ट्रकला हौसेने तीन सुरांचा हॉर्न बसवला, तर मधला सूर खोटा आहे म्हणून तिने तो बदलायला लावला. नवरा बिचारा मला म्हणाला होता, "मॅडम, माझं ब्रेक खराब असलं तरी हिला चालंल, हॉर्न बरोबर पायजे."

मग एके वर्षी वरून हुकूम आला की तालुक्यात एका शिक्षकाला संगीताचा मार्गदर्शक नेमायचं. त्याने शाळाशाळांत फिरायचं आणि तिथल्या शिक्षकांना संगीत शिकवायला तयार करायचं. परीक्षा दिलेली तीच एक निघाली. ती गेली, तिच्या जागी दिवेकर गुरुजी आले. मला गणिताची बाई जाऊन हस्तकलेचे गुरुजी मिळाले, तेव्हा त्या हुकुमावर मी खूश नव्हते.

प्रशिक्षणाहून ती परत आली ती एकच वाक्य घेऊन. "मार्गदर्शकाने हात खिशात ठेवायचे."

"साडीला खिसा असतो का?" मी विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती पंजाबी ड्रेस घालून आली. उजव्या बाजूला चांगला खोल खिसा शिवून घेतलेला. त्यात बोटाएवढी एक शिट्टी असायची, फुंकली की एकच सूर निघणारी. "आता असतो," ती म्हणाली.

खिसा झाला तरी हात लगेच त्यात गेले नाहीत. सुरुवातीला ती वर्गात जायची आणि गायची. तसं कोणालाही वाटेल, संगीताची बाई आली म्हणजे गाणारच. शिक्षकांनाही ते फार आवडलं. ती आली की ते मागे बसून वह्या तपासायचे. आमचे दिवेकर गुरुजी त्यातल्या त्यात कष्टाळू, त्यांनी तिची प्रार्थना मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. पुढच्या महिन्यात शैला सकाळी लवकर आली तर परिपाठ चालू होता. ओट्यावर स्पीकर, स्पीकरमधून शैलाचा आवाज, आणि समोर सगळी शाळा हात जोडून, तोंड मिटून उभी.

गुरुजी अभिमानाने म्हणाले, "रेकॉर्डिंग कसं क्लीअर आलंय बघा. रोज हेच लावतो. आता तुम्ही नाही आलात तरी चालंल."

शैला प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली. स्वतःच्याच आवाजासमोर हात जोडून. मग आत येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजपासून मी कुठल्याही शाळेत गाणार नाही." मला वाटलं, राग आहे, चहा घेतल्यावर उतरेल. चहा घेतला, चार बिस्किटं खाल्ली, पण ते काही उतरलं नाही. ती खरंच गायची थांबली.

आता न गाता संगीत शिकवायचं म्हणजे काय, हे कोणालाच कळेना. आमच्या लोकांची आणखी एक खोड म्हणजे बाहेरून कोणीही आलं की ते तपासणीलाच आलं असं धरायचं. शैला नुसती शिकवायला मदत करायला जायची, तर शाळेच्या दारात रांगोळी, आत टेबलावर चादर, आणि शाल परवडत नाही म्हणून नुसतं श्रीफळ देऊन सत्कार. पेटी कपाटात कुलूपबंद, कारण बाईंनी वाजवून बघितली आणि उंदराने कुरतडलेला भाता दिसला तर काय घ्या. तिने पुष्कळ सांगितलं की मी साहेब नाही, तुमच्यासारखीच आहे. त्यावर एका शाळेने दोन श्रीफळं दिली. घरी नारळांचा ढीग लागला. महिनाभर सोलकढी, नारळाची चटणी, नारळीभात आणि पुन्हा सोलकढी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाय, संगीताचं काम करतेस का वाडीचं?"

शैलाने ते सगळे नारळ फोडून करवंट्या घासून घेतल्या आणि ज्या शाळेचा नारळ त्या शाळेला जोडी परत नेऊन दिली. एकमेकींवर आपटल्या की टकटक ताल धरता येतो. पेटीचं कुलूप उघडायची गरजच संपली. पुढच्या फेरीला तिला कोणी श्रीफळ दिलं नाही. ती मला म्हणाली, "बघा, सत्कार बंद करायचा हा एकच मार्ग. जे देतील त्यातून त्यांना काम काढून द्यायचं."

तिची मुख्य तक्रार मात्र वेगळी होती. गुरुजी लोक गाणं आपल्या गळ्याला सोयीचं, खालच्या पट्टीत सुरू करतात. मुलांचा गळा वरचा. मग मुलं एकतर गुरगुरतात नाहीतर ओरडतात, आणि शिक्षक म्हणतात मुलांना सूर नाही. हे तिने आमच्या शाळेत येऊन सांगितलं तेव्हा दिवेकर गुरुजी म्हणाले, "पण बाई, मुलांची पट्टी ओळखायची कशी? मला माझीच न्हाय ओळखता येत."

शैला उठली आणि सगळ्या शाळेला मागच्या बाजूला खाडीवर घेऊन गेली. समोरच्या काठावर बाळू नाखव्याची होडी उभी होती. आगरदांड्याची मोठी फेरीबोट लांब पडते म्हणून पलीकडच्या गावाला जायला आम्ही तीच वापरतो, आणि तिला हाक मारून बोलावतो. शैला मुलांना म्हणाली, "नाखव्याला हाक मारा. रोज मारता तशी."

मुलांनी मारली. लांब, मोकळी, शेवट वर ओढलेली हाक. शैलाने खिशातली शिट्टी काढून फुंकली. दोन्ही सूर एकच होते. मला गाण्यातलं कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं. "ही त्यांची पट्टी," ती गुरुजींना म्हणाली. "गाणं इथून सुरू करायचं. आता तुम्ही मारा."

गुरुजींनी मारली. मुलांनी पुन्हा मारली. असं चार-पाच वेळा झालं आणि पाण्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बाळू नाखवा होडी घेऊन काठाला लागला, तोही घामाघूम.

"पाशिंजर कुठं हाय?"

मुलं गुरुजींकडे बघायला लागली.

"येवढी बोंब मारलीव, मला वाटला कोन आजारी हाय. आता भाडा कोन देल?"

शैलाने चपला काढून हातात घेतल्या. "मी येते ना. मला उद्या पलीकडच्या शाळेत जायचंच होतं, आज जाते." आणि खरंच होडीत बसून निघून गेली. तिचा डबा आमच्या टेबलावर राहिला तो मी दुपारी खाल्ला. सोलकढी होती.

गुरुजींना तिने पुढे गाणं म्हणून शिकवलंच नाही. नुसती हजेरी घ्यायला लावली, पण हाकेच्या सुरात. गुरुजी नाव सुरात म्हणायचे, पोर 'हजर' सुरात म्हणायचं. गुरुजी खाली घसरले की मुलांनी तळहात वर करून दाखवायचं, म्हणजे वर घ्या. शैला मागे भिंतीला टेकून, हात खिशात. गुरुजी मला म्हणायचे, "मोठ्या बाई, ही बाई काहीच करत न्हाय हो. नुसती बघते. आणि घाम मला येतो."

हेच सगळीकडे बोललं जाऊ लागलं. संगीताच्या बाई कधी गात नाहीत, पेटीला हात लावत नाहीत. तो बसका आवाज सगळ्यांनी ऐकलेलाच होता, त्यामुळे बाईंना गाताच येत नाही यावर लोकांचा चटकन विश्वास बसला. तिला 'म्यूटबाई' असं नाव पडलं. ज्यांनी तिला आधी गाताना ऐकलं होतं त्यांनीही ते खोडून काढलं नाही, कारण नाव मजेशीर होतं. शेवटी कोणीतरी तक्रार केली आणि तेव्हाचे साहेब शिक्षण परिषदेला, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीला, स्वतः हजर झाले. बैठक आमच्याच शाळेत होती. मुलंही होती.

साहेब सरळ मुद्द्यावर आले. "घरत बाई, एक गाणं म्हणून दाखवा. विषय संपला."

आदल्या दिवशी मी तिला बजावलं होतं, की उद्या हट्ट करू नकोस, दोन ओळी गा आणि जागा वाचव. तिने मान डोलावली होती. आता ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मी गायले तर मला गाता येतं एवढंच तुम्हाला कळेल. मी ज्या कामाला नेमली आहे ते होतंय की नाही ते नाही कळणार. इथल्या कोणाही शिक्षकाला मुलांबरोबर उभं करा. तुम्ही निवडा."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. दिवेकर गुरुजी खांबामागे सरकले, आणि सरकल्यामुळेच दिसले. "ते, खांबामागचे."

गुरुजी पुढे आले. मुलांनीच रचलेलं खेकड्याचं गाणं घ्यायचं ठरलं. भीतीने गुरुजींचा आवाज सरळ जुन्या जागी, पार तळाला गेला. मुलांनी सुरुवातच केली नाही. सगळ्यांचे तळहात शांतपणे वर गेले. गुरुजी खाकरले, जरा वर आले. तळहात तसेच. आणखी वर आले. मग हात खाली गेले आणि सगळी शाळा एकदम गायला लागली, करवंट्यांच्या तालावर, एकही मूल ओरडत नव्हतं. साहेब पहिल्यांदा हसले, मग मांडीवर ठेका धरला.

"छान. हे मुलांना शिकवलं कोणी?"

"मी, साहेब," गुरुजी म्हणाले. खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी मागे वळून शैलाकडे पाहिलं. हात खिशात आणि चेहरा असा की मुलगा दहावीत पहिला आलाय.

साहेबांचा शेरा आठवड्याने आला. शिक्षक स्वतः संगीत शिकवण्यास सक्षम असल्याचे दिसून आले, सबब स्वतंत्र मार्गदर्शकाची आवश्यकता नाही. शैलाने तो माझ्या टेबलाशी उभं राहून वाचला.

"मोठ्या बाई, मी पास झाले की नापास?"

"पास. म्हणूनच काढलं."

ती बराच वेळ हसली. मग खुर्चीत बसली आणि हसणं थांबलं. "मला हेच काम करायचं होतं हो," ती म्हणाली. "वर्गात शिकवायला मला आवडतं. पण माणसं तयार होताना बघायला जास्त आवडतं." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार.

या मार्चमध्ये मी कामासाठी तळ्याला गेले होते, तेव्हा तिच्या वाडीवर जाऊन आले. चढ आहे. शाळेजवळ पोहोचले तर आतून गाणं ऐकू आलं. रेकॉर्डिंगमधला आवाज तोच, पण रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही आलेलं नव्हतं. मी पायरीवर थांबले, आणि परतीच्या एसटीची वेळ बघायचं विसरले. माझ्यासारखीसाठी हे पुष्कळ आहे.

आत मुलं तोंड उघडी टाकून बसली होती. एकही गात नव्हतं. शैलाने मला पाहिलं आणि मध्येच थांबली.

"बाय, अजून म्हना ना," एक मुलगी म्हणाली.

"मी कशाला? तू म्हण."

"मला न्हाय येत तुमच्यासारखं."

शैला माझ्याकडे वळली. "ऐकलंत? तुमच्यासारखं. मी गायले की मुलं गप्प."

"मग गातेस कशाला?"

"दुसऱ्या बाई रजेवर आहेत. तयार करायला कोणी शिक्षकच नाही, मग मी तरी काय करू? आणि बरं वाटतं हो गायला, खोटं कशाला बोलू. चोरून खाल्ल्यासारखं वाटतं, पण बरं वाटतं."

तिने मला वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत सोडलं. पंख्याबद्दल विचारलं, दिवेकर गुरुजी खाली घसरतात का ते विचारलं. मी म्हटलं, आता घसरत नाहीत. ती म्हणाली, "छान," आणि दुसरीकडे बघायला लागली. खालच्या वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा ती अजून तिथेच होती आणि एका म्हातारीच्या डोक्यावर लाकडाची मोळी चढवून देत होती. साडी नेसलेली होती.

आज टाकी घासून झाल्यावर मी गुरुजींना साहेबांचं बोलणं सांगितलं. ते टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "आपल्याला कशाला गरज? आपल्याला येतं."

"येतं तर खरं. मग ती तिकडेच राहील."

गुरुजी डोकं पुसायचे थांबले. बायकोला, मेहुण्याला, गावच्या सरपंचाला, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलंय की तालुक्यात गाण्याची शाळा म्हणजे आमची. टॉवेल पिळून त्यांनी तारेवर टाकला. "किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

१४ जून. सकाळी दहाला आम्ही दोघं साहेबांसमोर उभे होतो. मी सांगितलं की आमच्या शाळेत संगीताची अवस्था फार वाईट आहे. साहेबांनी जुनी फाइल उघडली. "इथे तर सक्षम म्हटलंय."

"तेव्हा होते. आता बिघडलेत."

"दोन वर्षांत?"

"वयाने होतं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला आणि दिवेकर गुरुजींना एक ओळ म्हणायला सांगितलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून ते प्रार्थनेची पहिली ओळ म्हणाले, इतक्या खालून की पलीकडच्या टेबलावरची क्लार्कबाई उठून बघायला आली. त्यांच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. त्यांना आता असं गायला कष्ट पडत होते.

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले. आमच्या शाळेच्या नावापुढे त्यांनी 'गरज आहे' असं लिहिलं, आणि मग आपणहून खाली जोडलं, 'तातडीची'.

बाहेर येऊन गुरुजींनी चपला घातल्या. मग म्हणाले, "ती क्लार्कबाई आमच्या मेहुण्याच्या शेजारची हाय."

मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातली, आणि समोर बसून पलीकडच्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. त्यांचे गुरुजीही बरे गातात. म्हटलं, दुपारच्या आत त्यांना साहेबांकडे घेऊन या, आणि येताना वाटेत घसा साफ करू देऊ नका.